गाइडच्या शिबिरासाठी पालकांकडे पैसे मागायचे कसे?

गाइडबाई_पाटण

नमस्कार. पाटण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते आणि गेली बारा वर्षं गाइड कॅप्टन, म्हणजे शाळेतल्या मुलींच्या स्काउट-गाइड पथकाची प्रमुख आहे. आठवडाभर हातात खडू, शनिवारी सकाळी गळ्यात शिट्टी.

यंदा 22 मुलींना तृतीय सोपानच्या, म्हणजे गाइडच्या तिसऱ्या पायरीच्या शिबिराला न्यायचंय. प्रत्येकीचा खर्च असा: शिबिर फी 700, एसटी जाऊन-येऊन 210 (मार्च 2023 पासून बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे म्हणून, नाहीतर दुप्पट), स्कार्फ, वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी) आणि शिट्टी 240. झाले 1,150. बाविसांचे 25,300. शाळा 6,000 देते. उरतात 19,300, आणि ते पालकांकडूनच यायचेत.

गेल्या वर्षी काय केलं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी "ग्रुपवर मेसेज टाका" म्हणणार नाही. मी तेच केलं होतं. "मुलींच्या नेतृत्वविकासासाठी इच्छेनुसार मदत करावी" असा मेसेज आणि खाली माझा गूगल पे नंबर. आमच्या गावातले निम्मे बाप नवी मुंबईत माथाडी कामगार. रात्री साडेदहाला खोलीवर आले की फोन बघतात. पहिला स्क्रीनशॉट आला 1,100 चा. मी हात जोडले. मग 501, मग कुणीतरी 2,001. मग एकाने यादीच सुरू केली, 1), 2), 3) करत नाव आणि रक्कम, पुढच्याने कॉपी करून आपलं नाव जोडायचं. सकाळी यादीत 14 नावं होती. आणि पट 21 चा. कोणती सात नावं नाहीत हे मोजायला कुणाला कॅल्क्युलेटर लागत नाही.

पुढच्या शनिवारी एक मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्याही. विचारलं तर म्हणाली, "बाई, मला गाठी आवडत नाहीत." आधीच्या शिबिरात पाऊस लागला होता, तेव्हा बांबू बांधून चपलांचं स्टँड केलं होतं तिने. बाकीच्यांची स्टँडं दुसऱ्या दिवशी आडवी, हिचं तिसऱ्या दिवशी आम्हाला गाठी कापून सोडवावं लागलं. तिची आई रोजाने भांगलायला जाते. तिच्याकडे मी एक रुपया मागितला नव्हता. यादीने मागितला.

तर आता मागायचं कसं? आकडा सांगावा की "इच्छेनुसार"च ठेवावं? आणि मुलींना यात घ्यावं की त्यांना काही कळूच देऊ नये?

निवृत्त_हेडमास्तर_कराड

बाई, पहिलं म्हणजे गूगल पे बंद करा. तुमच्या फोनवर आलेला पैसा म्हणजे तुमच्या डोक्यावरचा धोंडा. शाळेच्या खात्यावर घ्या, शाळेच्या पावती पुस्तकातली पावती फाडा, अगदी 20 रुपये आले तरी.

दुसरं, जूनमध्ये अजिबात मागू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 13 प्रमाणे प्रवेश देताना जाहीर फीखेरीज कसलीही देणगी घेता येत नाही. तुमचा हेतू गंगेसारखा असेल, पण प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या बापाला ते कसं कळणार? दिवाळीनंतरच्या पालक सभेत बोला. मुली घेऊन गावात वर्गणीला फिरायचा विचार असेल, तर आधी धर्मादाय आयुक्तालयात चौकशी करा. गणेश मंडळंसुद्धा वर्गणीसाठी 41 क ची परवानगी काढतात. आणि एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याकडे जाणार असाल तर तुमच्या संस्थेला 80 जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळायची मान्यता, आहे का ते बघून ठेवा. 2,000 च्या वर रोख दिले तर त्याला करात सूट मिळत नाही, चेकच घ्या.

तिसरं, पैसेच कशाला? सातारा जिल्ह्याला कर्मवीर अण्णांचा मुष्टिफंड सांगावा लागू नये. घरातल्या बाईने रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि त्यावर वसतिगृहातल्या पोरांनी जेवायचं. तुमच्या शिबिराचा शिधा बरोबर न्यायचा असेल तर तांदूळ, शेंगदाणे, गूळ मागा. पायलीभर तांदूळ देणारी बाई 1,100 वाल्यापुढे मान खाली घालत नाही.

गाइडबाई_पाटण

सर, गूगल पे कालच काढलं. शिध्याचं विचारते. जेवण फीमध्येच धरलंय, पण शिधा आणला तर फी कमी करतील का बघते.

वाशी_मार्केटवाला

मॅडम, मी त्या 14 मधलाच समजा. म्हणजे तुमच्या शाळेतला नाही, पण अशाच एका यादीत मीपण 501 टाकलेत. खरं सांगू? नेतृत्वविकास म्हणजे काय ते कळलं नव्हतं. टोळीतल्या दुसऱ्या दोघांनी टाकले म्हणून टाकले.

मला कळलं ते मे महिन्यात घरी गेल्यावर. आमची पोरगी गाइडमध्ये संघनायिका, म्हणजे तिच्या गटाची पुढारी झालेली. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी, तेही पहाटे. हिने वहीच्या कागदावर घरातल्या पाच जणांच्या पाळ्या लिहून दाराला चिकटवल्या. त्यात माझंपण नाव, बुधवार. मी म्हटलं, मी चार दिवस सुट्टीला आलोय. ती म्हणाली, "पप्पा, आंघोळ तुम्हीपण करता." भरलं पाणी, काय करणार.

हे असलं काहीतरी लिहा मेसेजमध्ये. आणि आकडा सरळ लिहा. "इच्छेनुसार" वाचलं की आम्ही घाबरतो, कमी दिले तर वाईट दिसेल, जास्त दिले तर महिन्याचं गणित बिघडतं. 1,150 खर्च आहे, कुणाला पूर्ण जमेल, कुणाला शंभर, असं लिहा. आणि मेसेज फक्त बापालाच नको. घरात काय शिल्लक आहे ते आईला माहीत असतं.

स्पष्टवक्ता_७७

शिक्षकांनी पैसे मागूच नयेत. शाळेने द्यावेत नाहीतर शिबिर रद्द करावं. आज गाइड, उद्या गॅदरिंग, परवा बाकं.

रेंजर_होते_पुणे

स्पष्टवक्ता, शिबिर रद्द केलं की कुणाचं नुकसान होतं? 2,001 वाल्याची मुलगी दुसऱ्या कुठल्या तरी शिबिराला जाईल. स्टँडवाली जाणार नाही.

ताई, गाइडिंगमध्ये पैसे मागण्याची रीत जुनीच आहे. 22 फेब्रुवारीचा गाइड्सचा चिंतन दिन 1926 मध्ये ठरला. 1932 मध्ये पोलंडला जागतिक परिषद होती, तिथे बेल्जियमच्या प्रतिनिधीने मुद्दा काढला की हा स्काउट-गाइड चळवळीच्या बेडन-पॉवेल पतिपत्नींचा वाढदिवस, आणि वाढदिवस म्हटलं की भेट आली. मग लेडी बेडन-पॉवेलनी जगभरच्या गाइड्सना पत्र लिहून एकेक पेनी मागितली. एकच पेनी, आणि मागितली ती मुलींकडे. पुण्यातल्या 'संगम' या गाइड्सच्या जागतिक केंद्रात मी स्वयंसेवक होते तेव्हा हे ऐकलं आणि मला आपली खरी कमाईच आठवली, मुलींनी छोटी कामं करून पैसे मिळवायचे ती.

खरी कमाई तुमच्याकडे बंद पडलीय का? आमच्या वेळी कार्ड मिळायचं. शेजारच्या काकांची स्कूटर पुसली, 2 रुपये, सही. वाण्याकडे डाळ निवडली, 3 रुपये, सही. माझ्या वडिलांनी 50 ची नोट काढली होती, तर बाईंनी परत पाठवली, "काम काय केलं ते लिहा" म्हणून. मला तेव्हा बाईंचा भयंकर राग आला होता.

गाइडबाई_पाटण

खरी कमाई बंद नाही, पण नावाला उरलीय. पालक घरीच कार्ड भरून देतात. ते 50 परत पाठवणं मलाच जमलेलं नाही, कबूल करते.

स्पष्टवक्ता, तुमचं तत्त्व मला पटतं. शाळेने 25,300 दिले तर मी तुम्हाला पेढे पाठवीन.

ठरवलंय ते असं. पालक सभेत 22 सारखी पाकिटं, वर नाव नाही. पाकिटावर हिशेब छापलेला, वर लिहिला तसाच, रुपयाला रुपया. पाकीट प्रत्येक घराने परत करायचं, भरलेलं असो की रिकामं, चिकटवूनच. शाळेच्या डब्यात टाकायचं आणि दोन आयांनी ऑफिसात बसून उघडायचं. पावतीचं हेडमास्तरांशी बोलले, एकूण रकमेची एकच पावती फाडून नोटीस बोर्डावर लावू, ज्याला स्वतःची हवी तो ऑफिसात मागून घेईल. ग्रुपवर रकमेबद्दल कुणी काही टाकलं तर मी काढून टाकणार. ॲडमिन मीच आहे, निदान तेवढं तरी हातात आहे. उरलेले खरी कमाईतून, घराबाहेरची दोन कामं प्रत्येकीला सक्तीची, नातेवाइकांची सही चालणार नाही.

पाकिटासोबतचं पत्र मुलीच लिहिताहेत. वाशीवाल्या दादांची पाण्याची पाळी काल मी त्यांना वाचून दाखवली, खूप हसल्या. मग एकीने विचारलं, "बाई, आपण शिबिरात काय शिकलो त्यात ते स्टँड लिहू का?" मी म्हटलं लिही, पण जिने बांधलं तिला विचारून लिही. शनिवारी त्या दोघीतिघी तिच्या घरी जाणार आहेत विचारायला. मी जात नाहीये. मी गेले की ती परत गाठींचंच सांगेल.

शिध्याचं अजून कळलेलं नाही. कळलं की इथेच लिहिते.