मुगाचं धिरडं आणि भाताची खरवड

कोरियन जेवणात किमची (तिखट मसाल्यात आंबवलेला कोबी), बिबिमबाप (भाज्या घालून कालवायचा भात) आणि बार्बेक्यूच्या पुढे काय मागवावं असा प्रश्न असेल, तर माझं पहिलं मत बिंदेत्तोकला. भिजवलेले मूग वाटून, त्यात किमची घालून सढळ तेलात तळलेलं जाड धिरडंच ते. सोलच्या ग्वांगजांग बाजारात तर मूग डोळ्यांदेखत जात्यावर वाटतात. कडा कुरकुरीत, आत मऊ, सोबत सोया सॉसमध्ये मुरवलेला कांदा. यात बहुतेकदा पोर्क असतं आणि किमचीतही सहसा खारवलेली मासळी असते, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्याच.

दुसरं म्हणजे दोलसोतबाप, दगडी भांड्यातच शिजवलेला भात. वरचा भात वाडग्यात काढून घ्यायचा, तळाच्या खरवडीवर गरम पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून द्यायचं. जेवण होईतो खरवड फुलून येते आणि भाजक्या तांदळाच्या वासाची पातळ पेज तयार होते. तिला सुंग्न्युंग म्हणतात. पेजेवर वाढलेल्या माणसाला ती पहिल्या घोटातच ओळखीची वाटेल. घाई करून भांडं परत देऊ नका!

उन्हाळ्यात गेलात तर कोंगगुक्सू, म्हणजे सोयाबीनच्या थंडगार दाट दुधातल्या शेवया. वरून मीठ लागतंच.