मज्जारज्जू की मेरुरज्जू? आणि नस, शीर, चेता?

पाठीच्या रुग्णांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत आणतेय. स्पायनल कॉर्डला जुन्या कोशात 'मज्जारज्जू', शाळेच्या पुस्तकात 'मेरुरज्जू', आणि बोलताना सगळे सरसकट 'मणका' म्हणतात. मूळ वाक्य 'कमरेच्या चौथ्या मणक्याशी मज्जारज्जू दबला आहे' असं केलंय. बरोबर आहे का?

— नाही, आणि चूक फक्त शब्दाची नाही. मणका म्हणजे हाड. मणके एकावर एक रचले की कणा होतो आणि त्यांच्या पोकळीतून उतरतो तो मेरुरज्जू. मोठ्या माणसात त्याची लांबी साधारण ४५ सें.मी. असते. तो कण्याच्या टोकापर्यंत पोचतच नाही, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. खाली उरतो तो चेतामुळांचा (नर्व्हच्या मुळांचा) झुबका, त्याला 'अश्वपुच्छ' म्हणतात, दिसतोही तसाच. म्हणून तर पाठीतलं पाणी काढायची सुई मेरुरज्जूच्या टोकाखाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मध्ये घालतात. चौथ्या मणक्याशी दबेल ते चेतामूळ.

— 'मज्जारज्जू'ला अडाणी शब्द समजू नका. लॅटिनमध्येही त्याला 'मेडुला स्पायनालिस' म्हणतात आणि मेडुला म्हणजे मज्जाच. हाडाच्या पोकळीतला मऊ गर तो मज्जा, या समजुतीतून ते नाव पडलं. पण आज तो शब्द टाळाच. माझ्या मावशीनं 'मज्जारज्जूला सूज' वाचलं, मज्जा म्हणजे बोन मॅरो असं धरलं आणि रक्ताचा कर्करोग समजून अख्खी रात्र जागून काढली. असा एक जरी वाचक असेल तरी 'मेरुरज्जू' लिहावं.

मग नर्व्हला 'मज्जातंतू'ही नको?

— नको. शिवाय तंतू म्हणजे एकच धागा, नर्व्ह म्हणजे असंख्य धाग्यांची जुडी. 'चेता' नेमका आहे. शीर रक्ताची. 'नस' दोन्हीकडे चालते: नस कापली की रक्त येतं, नस दबली की मुंग्या येतात. लोकांना कळतो तो हाच शब्द, म्हणून पहिल्यांदा 'चेता (नस)' असं लिहा.

— एक सावधगिरी. मानेत मणके ७, पण चेतांच्या जोड्या ८, कारण पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून निघते. 'मानेची आठवी चेता' दिसली की मुद्रितशोधक हटकून 'सातवी' करतात. त्यांना आधीच सांगून ठेवा. छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) ५ आणि माकडहाडाची १ धरून एकूण ३१ जोड्या होतात.

आणि लिंग? संस्कृतात रज्जु स्त्रीलिंगी ना?

— हो, पण मराठीत 'तो मेरुरज्जू' रुळलाय.

मग वाक्य असं करते: 'कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकल्यामुळे चेतेचं (नसेचं) मूळ दबलं आहे. मेरुरज्जूला इजा नाही.'

— हेच ठेवा. दुसरं वाक्य तर ठळक अक्षरात छापा.