म्हणे खेड्यातल्या म्हाताऱ्यांना डिमेन्शिया होत नाही!

सूनबाई_आर्वी
परवा इथे एका दादांची पोस्ट फिरली. सार असं की डिमेन्शिया, म्हणजे आठवण-समज हळूहळू जाणं, हा फ्लॅटमधल्या लोकांचा आजार. गावची म्हातारी माणसं कष्ट करतात, घरचं खातात, सुना-नातवंडांत राहतात, म्हणून त्यांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत. खाली लाल बदामांचा नुसता पाऊस. माझं टाळकंच सरकलं.

दादा, तुम्ही गावी येता पोळ्याला नाहीतर दिवाळीला. माझी सासू म्हणते, "कधी आला रे बाप्पा, चहा घे." तुम्ही खूश. जरा दहा मिनिटं टेकून पाहा. तोच प्रश्न, तोच चहा, पुन्हा पुन्हा. तुमची गाडी गेली की दिवेलागणीला ती पदरात भाकरी बांधून दाराची कडी काढायला लागते. "मले घरी जाऊ दे, माय वाट पाहून रायली." माय जाऊन जमाना झाला. मी आतून कुलूप लावते, किल्ली कमरेला. त्या भाकरी मग धान्याच्या कोठीत सापडतात, बुरशी धरलेल्या. या बाईनं जन्मभर निंदण केलं, कापूस वेचला. अजून किती कष्ट करायला पाहिजे होते तिनं?

आणि आकडेच पाहिजेत तर घ्या. साठीपुढच्या लोकांची देशभर पाहणी झाली, लासी-डॅड नावाची, 2023 मध्ये छापून आली. शंभरात 7.4 जणांना डिमेन्शिया. शहरात 5.3, खेड्यात 8.4. पुरुषांत 5.8, बायकांत 9. कुठं गेली तुमची शुद्ध हवा?

पुणेवासी_वऱ्हाडी
पोस्ट माझीच. ताई, तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं, पण एका घरावरून गाव ठरत नाही. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत अभ्यास झाला होता, 1998 साली प्रसिद्ध झाला. 65 च्या पुढे शंभरात जेमतेम 1.36. जगात सर्वांत कमी आकड्यांपैकी एक म्हणून गाजला होता तो. मग तो खोटा का?

निवृत्त_मास्तर
खोटा नाही, पण अर्धाच सांगितलात. अभ्यास करणाऱ्यांनीच शंका मांडली होती की असे रुग्ण तिथं फार काळ जगत नसावेत. जो लवकर गेला तो मोजणीत सापडेल कसा?

पण माझं भांडण दोन्ही आकड्यांशी आहे. माझ्या आईला तालुक्याला नेलं. कोट घातलेल्या पोरानं विचारलं, आज तारीख कोणती? साल कोणतं? शंभरातून सात वजा करा. आईनं सांगितलं, "पोळा होऊन चार दिस झाले, गणपती बसाचे हायेत." त्या पोरानं शून्य मार्क दिले! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला तारखेवरून नापास करता, अन् वरून म्हणता खेड्यात प्रमाण जास्त.

सूनबाई_आर्वी
गुरुजी, लासी-डॅडमध्ये निरक्षरांसाठी तयार केलेली हिंदी चाचणी वापरली होती. ती मुळात बल्लभगडच्याच कामातून निघाली. त्यात सकाळ आहे की दुपार, असंही विचारतात. शिवाय घरच्या माणसाला वेगळं विचारतात: पैशाचा हिशेब जमतो का, रस्ता चुकतात का. तुमच्या त्या पोराला येत नसेल तर तो त्याचा दोष.

निवृत्त_मास्तर
तेच तर म्हणतो मी. गावात येतो तो असलाच पोर येतो.

खर्राबंदी
मूळ कारण कोणीच बोलून नाही रायलं. खर्रा! सकाळी उठल्यापासून गालात तंबाखू. बीपी नाही वाढणार तर काय होईल?

सूनबाई_आर्वी
आले. भाऊ, संत्र्याच्या भावाच्या धाग्यावरही तुम्ही खर्राच काढला होता.

झाडीपट्टी
खर्राबंदी भाऊ या वेळी फार चुकले नाहीत. बीपी हाच मुद्दा आहे. 2025 मध्ये एक मोठा आढावा आला. लकवा, डिमेन्शिया आणि म्हातारपणातलं नैराश्य, या तिघांच्या मुळाशी असलेल्या 17 सामाईक गोष्टी त्यात काढल्या आहेत, ज्या आपल्याला बदलता येतात. सर्वांत वजनदार ज्या निघाल्या, त्यात बीपी आहे.

आणि आमच्या गडचिरोलीचं तर ऐका. 'सर्च' संस्थेच्या लोकांनी 86 गावांतले मृत्यू तपासले, 2015 मध्ये छापलं. सातातला एक मृत्यू लकव्यानं. सर्व कारणांत पहिला नंबर. त्यातले बहुतेक घरीच गेले. कष्टकरी जंगलातली माणसं ही, फ्लॅटवाली नव्हेत. माझ्या काकाचं तोंड वाकडं झालं सकाळी. घरच्यांनी आधी नेलं लकव्याच्या औषधवाल्याकडं. त्यानं कबुतर कापलं, रक्तानं अंग चोळलं. दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आता काय आणलं?

बांधावरचा
औषधवाल्याले नावं ठेवू नका भाऊ. माह्या बापाचा हात त्याच्याच औषधानं उठला. महिनाभरात काठी टेकत बांधावर आल्ता. तुमच्या दवाखान्यात पयले विचारतेत, पैसे कोन भरते?

झाडीपट्टी
पहिल्या काही आठवड्यांत हात आपोआपही थोडाबहुत परततो. श्रेय मात्र कबुतराला.

बांधावरचा
तुमाले काय माहीत? तुमी होते का तिथं?

झाडीपट्टी
तुमचे वडील सुदैवी निघाले, माझा काका अंथरुणाला खिळला. गाठ आहे की रक्तस्राव झाला, हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही. तुमच्या माणसाला नाडी धरून कळतं?

बांधावरचा
स्कॅन कुठं हाय ते बी सांगा. रात्री एक वाजता माह्या गावातून गाडी मिळून रायली का तुमाले? पुलावरून पाणी असलं का रस्ता बंद. औषधवाला दोन घरं सोडून रायते. तुमी बोलाले मोकळे.

झाडीपट्टी
हे मात्र खरं आहे. पण तो माणूस "पहिले दवाखान्यात न्या" एवढं तरी म्हणू शकतो ना? कबुतर काही पळून जात नाही.

खर्राबंदी
तो औषधवाला स्वतः खर्रा खाते. पाह्यलं मी.

बांधावरचा
तुम्ही चूप बसा बे!

आशा_गटप्रवर्तक
भांडा तुम्ही. मी बीपीच्या गोळीचं बोलते. आमच्या आरोग्य मंदिरात मोजतात, गोळी फुकट मिळते. पंधरा दिवस घेतात, बरं वाटतं, बंद. "सवय लागते म्हणतेत ताई." बीपी दुखत नाही, म्हणून गोळी नको. अन् जेवताना मिठाचा खडा पानात वेगळा.

दुसरं, प्रत्येक विसरणं डिमेन्शिया नसते. आमच्या गावात एक बुढा बायको गेल्यावर बोलेचना, जेवेना, लुंगी कुठं ठेवली आठवेना. लोक म्हणत, चळला. तालुक्याला नेलं तर उदासी निघाली, अन् बी-12 जीवनसत्त्वही कमी. औषधानं उन्हाळ्यापर्यंत पारावर येऊन बसाले लागला. कोणाला बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मराठीत बोलतात.

निवृत्त_मास्तर
ऐकू न येण्याचंही घ्या यात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या यादीत डिमेन्शियाची 14 कारणं आहेत. ती सगळी टाळली तर 45 टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असं त्यात म्हटलंय. बहिरेपणा त्यातलंच एक. एकटेपणा दुसरं. शिक्षण कमी, हे तिसरं. आईला शाळेत घातलं नाही तो दोष तिच्या बापाचा, व्याज ती भरते आहे. तिच्या कानाच्या यंत्राचे पैसे आले की बोला.

पुणेवासी_वऱ्हाडी
बरं बाबा, आकड्यांत तुम्ही जिंकलात. "खेड्यात होत नाही" हे वाक्य मागे. पण एकत्र कुटुंबात म्हाताऱ्याला आधार असतो, यावर मी ठाम आहे. शहरात शेजाऱ्याचं नावही माहीत नसतं.

सूनबाई_आर्वी
आधार म्हणजे कोण? नाव घ्या ना. सून! रात्री तीनदा उठून दार कोण पाहते? माझे दोन दीर तुमच्याच पुण्यात आहेत. फोनवर म्हणतात, "आई तर नीट बोलली आमच्याशी, वहिनी उगाच वाढवून सांगते." गेल्या वर्षी लेकीच्या लग्नालाही मी पूर्ण वेळ मांडवात नव्हते. तुमचं एकत्र कुटुंब माझ्या एकटीच्या कमरेवर उभं आहे, दादा.

बांधावरचा
ताईचं बरोबर हाय. माह्या बापाचं बी बायकोनंच केलं. मी वावरात रायतो.

झाडीपट्टी
म्हणजे कबुतरानं नाही तर.

बांधावरचा
दोघांनी मिळून.

पुणेवासी_वऱ्हाडी
ताई, रागावू नका. माझीही आई गावातच आहे. आजच भावाला सांगतो, तिचं बीपी तपासून घे म्हणून.

सूनबाई_आर्वी
भावाला नका सांगू. वहिनीला सांगा. आणि पुढच्या वेळी आठ दिवस राहायला या, तिला माहेरी पाठवून.