मदत हवी आहे: मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचं खरं मायलेज
ब्रोशरमधला एआरएआयचा (गाड्यांची चाचणी घेणारी संस्था) मायलेजचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, ताशी ९० च्या आत काढलेला. नागपूरच्या मे महिन्यात तो मिळणार नाही, हे उघडच आहे. प्रश्न वेगळा: एकाच इंजिनाच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकमध्ये कंपनी सांगते तेवढाच फरक वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये पडतो का? कुणाकडे टाकी-ते-टाकी (टाकी भरून, गाडी चालवून, पुन्हा भरून काढलेले) आकडे आहेत?

मोजताना टाकी भरायला गेलात की पहिल्या ऑटो-कटलाच (नोझल आपोआप बंद होतं तिथेच) थांबा, किमान ३०० किमी चालवून त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा तशीच भरा. कटनंतर वरून ओतलेलं लिटरभर पेट्रोल सगळा हिशेब बिघडवतं. डिस्प्लेवरचं मायलेज कृपया नको, ते बहुतेकदा फुगलेलंच असतं. एसी किती वेळ चालू होता आणि गार टायरमधली हवा किती, हेही लिहा.