सोयाबीन पिवळं पडायलंय, युरिया टाकू का?

औसेकर_शेती: राम राम मंडळी. औसा तालुक्यात चार एकर सोयाबीन हाय, पेरून ३२ दिवस झाले. आठ दिवस नुसती झड लागलीय, वापसा म्हणून नाही, रान ओलं चिंब हाय. खालच्या अंगाचं दोन एकर पार पिवळं पडायलंय आणि वरचं दोन एकर हिरवंगार, बियाणं एकच, डीएपी खत पण सारखंच. दुकानदार म्हणतोय युरियाची बॅग फेका, शेजारी म्हणतोय व्हायरस. काय करावं?

परभणीचा_पोरगा: युरियाची घाई नको राव. पिवळं कोणतं पान हाय, शेंड्याचं का बुडाचं? बुडाची जुनी पानं असतील तर नत्र कमी पडतंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. रानात लोह ढीगभर असतं, पण चुनखडी जमिनीत सामू (पीएच) ८ च्या वर, त्यात पाणी साचलं की मुळांजवळ बायकार्बोनेट वाढतं अन् झाडाला लोह उचलता येत नाही. एक झाड खुरप्यानं मातीसकट काढा. उपटू नका, मुळावरच्या हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी मातीतच राहतात.

काळं_रान: आणि गाठ नखानं फोडून बघा. आत गुलाबी असली तर काम चालू, हिरवट-करडी असली तर बंद. गाठीला पण हवा लागते, पाणी साचलेल्या चिबडात ती गुदमरती.

औसेकर_शेती: आत्ताच काढून बघितलं. शेंड्याचीच पानं, शिरा हिरव्या. गाठी थोड्याच हायत, निम्म्या गुलाबी. पण सोटमूळ एक वीत सरळ गेलंय अन् तिथून काटकोनात आडवं वळलंय! खाली माती लई घट्ट, खुरपं जाईना.

हिंगोलीवाला: जिप्सम टाका की, जमीन भुसभुशीत होती.

परभणीचा_पोरगा: जिप्सम चोपण जमिनीला, सोडियम जास्त असतंय तिथं. चुनखडी रानात कॅल्शियम आधीच बक्कळ हाय, पैसे कशाला घालवता.

काळं_रान: औसेकर, तो घट्ट थर रोट्यानं (रोटाव्हेटरनं) केलाय. दरसाल तेवढ्याच खोलीवर अन् ते पण ओल्या रानात फिरवला की खालची माती दबत जाते. मग पाणी खाली मुरत नाही अन् मुळी पण जात नाही, वरच्या वीतभर मातीत जेवढं गावंल तेवढ्यावर झाड जगतं. वरच्या रानात पण थर असंल, पण उतार हाय म्हणून पाणी निघून जातं, एवढंच. आधी चर काढून पाणी काढा. उघडीप पडली की १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट अन् १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, फवारा, आठ-दहा दिवसांनी परत एकदा. जमिनीतून फेरस सल्फेट देऊ नका, चुनखडीत लगेच अडकून बसतं. उन्हाळ्यात रान कडक वाळल्यावर सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारं अवजार) मारा, ओल्यात मारला तर नुसती चीर पडती, थर फुटत नाही. पुढच्या साली बीबीएफनं (रुंद वरंबा अन् सरी) पेरा.

औसेकर_शेती: चराला माणसं लावली. युरिया कॅन्सल. रोटा मात्र घरचाच हाय भाऊ, हप्ते चालूयत अजून 😅