[मंडळ-चर्चा] आपत्ती समिती आणि उरलेला गणपती निधी

प्रेषक: केतकी (चिटणीस)

मंडळी, नमस्कार.

गणपतीचा हिशेब पूर्ण झाला. यंदा चक्क पैसे उरलेत (खजिनदारांचं अभिनंदन, त्यांना नजर लागू नये). कार्यकारिणीत असं ठरतंय की हे पैसे भूकंपाच्या तयारीसाठी वापरावेत. ५ डिसेंबर २०२४ आठवतोय ना? सकाळी १०:४४ ला उत्तर कॅलिफोर्नियात केप मेंडोसिनोजवळ समुद्रात ७.० चा धक्का बसला आणि सगळ्यांचे फोन त्सुनामीच्या इशाऱ्याने एकदम किंचाळायला लागले. बाराच्या आत इशारा मागे घेतला गेला, पण तेवढ्या वेळात आपल्या बे एरियाच्या (सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या शहरांच्या) ग्रुपवर काय काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. बर्कलीतल्यांनी डोंगरावर जायचं का, फ्रीमाँटला पाणी येईल का, आई घरी एकटी आहे कोणी जाऊन बघेल का.

प्रस्ताव दोन. एक, इमर्जन्सी किट घाऊक भावात घेऊन सभासदांना अर्ध्या किमतीत द्यायची. दोन, मंडळाची आपत्ती समिती नेमायची: प्रत्येक शहरात दोन स्वयंसेवक, फोनची साखळी वगैरे. रविवारपर्यंत मतं कळवा.

---

प्रेषक: रोहित

दोन्हीला अनुमोदन. सगळ्यांचे पत्ते फॉर्मवर घेऊन नकाशावर टाकतो, म्हणजे कोणाच्या जवळ कोण हे एका नजरेत दिसेल. किटचे तीन-चार ठिकाणचे भाव काढले आहेत, शीट लावतोय.

---

प्रेषक: अविनाश

रोहित, नकाशा जरूर कर. मात्र समिती नेमण्याआधी एका म्हाताऱ्याचं ऐका.

१७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळचे ५:०४. मी तेव्हा ओकलंडला नोकरीला होतो. बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, त्यातही सॅन फ्रान्सिस्को विरुद्ध ओकलंड, म्हणून अर्धं ऑफिस लवकर पळालेलं. लोमा प्रिएटाचा धक्का ६.९ चा. हलणं पंधरा सेकंद असेल-नसेल. त्यात ६३ माणसं गेली आणि त्यातली ४२ एकट्या सायप्रस उड्डाणपुलावर, वरचा मजला खालच्यावर बसला तिथे. त्या सांगाड्यावर सर्वांत आधी कोण चढलं? पश्चिम ओकलंडचे रहिवासी आणि आजूबाजूच्या कारखान्यांतले कामगार. शिड्या, दोर, फोर्कलिफ्ट, जे हाताशी होतं ते घेऊन.

सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड जोडणाऱ्या बे ब्रिजचा एक तुकडा पडला आणि पूल महिनाभर बंद राहिला. आपलं मंडळ त्या वेळीही होतं. अध्यक्ष सॅन मटेओला, चिटणीस कॉन्कर्डला, आम्ही इकडे. कोणी कोणाकडे पोचलं नाही, पोचणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे आले ते समोरचे आजोबा, बॅटरी आणि ट्रान्झिस्टर घेऊन. तोवर त्यांचं-आमचं नातं कचऱ्याच्या डब्यावरून होणाऱ्या कुरबुरीपुरतं होतं.

सांगायचं एवढंच की मंडळ म्हणजे आळी नव्हे.

---

प्रेषक: स्वाती

> सांगायचं एवढंच की मंडळ म्हणजे आळी नव्हे.

अविनाशकाका, अगदी मनातलं बोललात. मी आमच्या शहराच्या सर्ट पथकात (आपत्तीत मदत करायला शिकवलेल्या साध्या नागरिकांच्या पथकात) आहे, म्हणून जरा लांबण लावते. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचावा.

सर्टची कल्पना लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाची. १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात साध्या नागरिकांनी शेकडो लोकांना ढिगाऱ्यातून काढलं, पण प्रशिक्षण नसल्यामुळे त्यांच्यातलेच शंभरेक जण दगावले, हे पहिल्याच वर्गात सांगतात. मदतीला लोक धावणारच, मग त्यांना धड धावायला शिकवा, हा त्यामागचा विचार. वर्ग साधारण वीस तासांचा, बहुतेक शहरांत फुकट किंवा नाममात्र फीमध्ये. सॅन फ्रान्सिस्कोत याच धर्तीच्या पथकाला नर्ट म्हणतात, ते ८९ नंतर सुरू झालं. आग विझवणं, लाकडी ठोकळे रचत रचत जड वस्तू इंच इंच उचलणं, जखमींची वर्गवारी, सगळं हाताने करून घेतात.

त्या वर्गवारीबद्दल मुद्दाम लिहितेय. एकेका जखमीला अर्धं-एक मिनिट. श्वास मिनिटाला तीसच्या वर आहे का? नखाकडे दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत येतो का? आणि तिसरं, साधी सूचना कळते का: "माझा हात दाबा." नाही दाबला तर लाल पट्टी, म्हणजे तातडीचा रुग्ण. आता विचार करा, तिथे तुमच्या सासूबाई आहेत. श्वास ठीक, नाडी ठीक, खरचटलंय फक्त. पण समोरचा हेल्मेटवाला इंग्रजीत काय म्हणतोय ते कळत नाही, म्हणून त्या नुसत्या बघत राहतात. लागली लाल पट्टी! शेजारी खरोखरचा लाल रुग्ण असेल तर त्याचा नंबर मागे. आमच्या सरावात मी रुग्ण झाले होते आणि मुद्दाम फक्त मराठीत बोलले. दोघांनी मला लाल ठरवलं. तिसरी गुजराती निघाली, तिने हाताची खूण करून दाखवली आणि सुटले.

म्हणून माझं म्हणणं: मंडळाची वेगळी समिती नको. हेवर्ड प्रस्तरभंग (भूकंप घडवणारी जमिनीतली भेग) फ्रीमाँटपासून बर्कलीपर्यंत दाट वस्तीखालून जातो, बर्कलीच्या विद्यापीठाचं फुटबॉल स्टेडियम तर थेट त्याच्यावर आहे. तिथे ७.० चा धक्का बसला तर काय होईल याचा अंदाज यूएसजीएसने (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने) मांडलाय, हेवायर्ड नावाने. त्यात बावीस हजारांहून जास्त लोक नुसते लिफ्टमध्ये अडकतात आणि खाडीच्या पूर्वेकडच्या शहरांत काहींचे नळ सहा महिनेसुद्धा कोरडे राहू शकतात. अशा दिवशी आपले दोन स्वयंसेवक मिलपिटसहून कूपर्टिनोला पोचणार? मंडळाच्या माणसांनी आपापल्या शहराच्या सर्टमध्ये जावं, म्हणजे प्रत्येक पथकात एक तरी मराठी बोलणारा असेल. आणि मंडळाने एकच काम करावं, जे शहर करू शकत नाही: भारतातून आलेल्या आई-वडिलांची मराठीतून तालीम. दिवसा घरी तेच असतात. त्यांच्याकडे वायफायवर चालणारा आपला जुना फोन असतो आणि त्यावर सरकारी इशारा येतच नाही, कारण तो मोबाइल टॉवरवरून येतो. भूकंपाचा इशारा देणारं मायशेक अ‍ॅप मात्र वायफायवर चालतं, आजच टाकून द्या.

---

प्रेषक: रोहित (बाबांच्या वतीने)

खालचं बाबांनी सांगितलंय, मी फक्त टाइप केलंय.

"सर्वांस नमस्कार. मी औसा तालुक्यातला. किल्लारीच्या वेळी, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला, आम्ही गावीच होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा येऊन झोपलेले. आमच्याकडे माळवदाची घरं. दीड-दोन हाताच्या दगडमातीच्या भिंती आणि वर लाकडावर मातीचा थरावर थर, दर पावसाळ्याआधी वाढत जाणारा. ते सगळं झोपलेल्या माणसाच्या अंगावर आलं. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यानंतर आम्ही कित्येक महिने अंगणातच झोपलो. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, हललं की बाहेर. सूनबाई म्हणते टेबलाखाली बसा. छत पडणार असताना टेबलाखाली बसून काय करायचं, हे कोणीतरी नीट समजावून सांगावं. राग मानू नये."

---

प्रेषक: स्वाती

काका, राग कसला. तुमच्या प्रश्नावरच तालीम बेतायला हवी.

तुमच्याकडे पळण्यात अर्थ होता, कारण छतच जीव घेत होतं. इथलं साधं घर लाकडी सांगाड्याचं, हलकं. ते वाकतं, करकरतं, पायावरून सरकूही शकतं, पण सहसा माळवदासारखं बसत नाही. इथे माणसं जखमी होतात ती पळताना पडून, आणि काचा, कपाट, टीव्ही, दाराबाहेर कोसळणारी विटांची चिमणी यांच्यामुळे. म्हणून हलणं थांबेपर्यंत आत: खाली बसायचं, टेबलाखाली शिरायचं, एका हाताने मान झाकायची आणि दुसऱ्याने टेबलाचा पाय धरायचा. धरायचं, कारण टेबल चालायला लागतं. गुडघे वाकत नसतील तर खुर्चीत बसूनच पुढे वाका आणि डोकं-मान हातांनी झाका. पलंगावर असाल तर तिथेच, उशी डोक्यावर.

आपल्या घरांसाठी आणखी दोन गोष्टी. आपण घरात अनवाणी असतो. जाड तळव्यांचे बूट पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधून ठेवा. रात्री काचांवरून चालायचंय. आणि धक्का थांबल्यावर देवापुढे दिवा लावायला जाऊ नका. आई लावणारच, मला माहीत आहे, माझीही लावेल. पण आधी गॅसचा वास येत नाही ना ते बघायचं. वास आला किंवा फुसफुस आवाज आला तरच मीटरवरचा व्हॉल्व्ह पान्याने पाव फेरा फिरवायचा. पट्टी पाइपला आडवी झाली की बंद. उगाच खबरदारी म्हणून बंद करू नका, कारण परत चालू करायला कंपनीचाच माणूस लागतो आणि त्या आठवड्यात तो कधी उगवेल देव जाणे.

---

प्रेषक: मंजिरी

पाण्याचं काय? माणशी रोज एक गॅलन, शक्य असल्यास दोन आठवडे पुरेल इतकं, असं वाचलं. आम्ही पाच जण, म्हणजे ७० गॅलन, २६५ लिटर! गॅरेजमध्ये आधीच दोन सायकली आणि यांचं अर्धवट सुतारकाम आहे.

---

प्रेषक: अविनाश

मंजिरी, गॅरेजमधला वॉटर हीटर बघ. चाळीस-पन्नास गॅलन पिण्याजोगं पाणी आयतं भरलेलं असतं, खालच्या तोटीतून काढता येतं. फक्त तो भिंतीला पट्ट्यांनी बांधलेला हवा. कॅलिफोर्नियात तसा कायदाच आहे, तरी जुन्या घरांत एकदा हलवून खात्री करा. बाकीचं हळूहळू साठव. पुण्यात ज्यांनी एक दिवसाआड पाणी भरलंय त्यांना हे मी शिकवायचं?

आणि फोनबद्दल. अशा वेळी गावातल्या गावात कॉल लागत नाहीत, पण बाहेरगावी मेसेज जाण्याची शक्यता जास्त. घरातल्या सगळ्यांनी एकाच बाहेरच्या माणसाला "मी ठीक" कळवायचं. आमचा तो माणूस म्हणजे नाशिकची मेहुणी. तिला इथल्या दुपारी उठवलं तरी ती चिडत नाही.

---

प्रेषक: केतकी (चिटणीस)

कार्यकारिणीचं ठरलं. किट रद्द, समिती रद्द. (रोहित, शीटबद्दल धन्यवाद, ज्याला घ्यायचं त्याने त्यातून स्वतः घ्यावं.) पैसे वाचनालयाचा हॉल, मोठ्या अक्षरातली मराठी पत्रकं आणि चहा यांवर खर्च होतील.

तालीम ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी, म्हणजे शेकआउटच्याच (दरवर्षीच्या भूकंप-सरावाच्या) दिवशी, दिवसा. नोकरीवाल्यांची गैरसोय होईल, पण तालीम त्यांची नाहीच. स्वातीताई शिकवतील, किल्लारीबद्दल रोहितचे बाबा बोलतील. त्यांनी होकार दिला आहे. ज्यांना गाडी नाही त्यांना आणण्यासाठी सहा चालक हवेत, आत्तापर्यंत दोन नावं आली आहेत. येताना सध्याच्या औषधांची यादी आणावी, इंग्रजी नावं आणि डोस कार्डावर लिहून देऊ, ते पासपोर्टच्या प्रतीबरोबर ठेवायचं. सर्टच्या वर्गाला जाणाऱ्यांनी आपलं शहर मला कळवा. सनीव्हेलहून चार नावं आली, हेवर्डहून एकही नाही, आणि खरी गरज तिथेच आहे.