'आय वॉन्ट इट दॅट वे' : तुम्हाला हे गाणं कुठे भेटलं?

१९९९ची दिवाळीची सुट्टी. मी नववीत होते, सांगलीहून ठाण्याला मावशीकडे आले होते. मावसभावाने बॅकस्ट्रीट बॉईजची (पाच गायकांचा अमेरिकन बँड) 'मिलेनियम' कॅसेट लावली आणि पहिलंच कडवं ऐकून मी हातातलं काम ठेवून टेपजवळ जाऊन बसले. मी मराठी माध्यमाची. सुट्टीभर कॅसेट मागे-पुढे करत बोल देवनागरीत वहीत उतरवले. मग डिक्शनरी काढली. शब्द सगळे सापडले, अर्थ काही लागेना. 'तसं' हवंय म्हणजे नेमकं कसं? कडव्यात हा सांगतो की मला तसंच हवंय, आणि धृपदात म्हणतो की हेच तुझ्या तोंडून ऐकायचं नाही! माझं इंग्रजी कच्चं आहे, असं मी धरून चालले. भाऊ कॉन्व्हेंटमधला, त्याला विचारायची लाज वाटली.

कितीतरी वर्षांनी वाचलं की हे गाणं लिहिणारे मॅक्स मार्टिन आणि आंद्रेआस कार्लसन, दोघेही स्वीडनचे. इंग्रजी त्यांचीही शिकलेली भाषा. चालीवर जे शब्द कानाला गोड लागले ते त्यांनी ठेवले. अर्थ सरळ लागावा म्हणून दुसऱ्या बोलांचं गाणंही ध्वनिमुद्रित झालं होतं, पण त्या पाच जणांनी पहिलेच बोल ठेवले. हे वाचलं तेव्हा नववीतल्या त्या मुलीला जवळ घ्यावंसं वाटलं.

तुम्हीही लिहा. कुठे ऐकलंत, व्हिडिओ कुणाच्या घरी पाहिलात, तेव्हा काय समजला होतात. दोन ओळीही चालतील. आलेली काही उत्तरं खाली देते आहे.

पुण्याहून

मी तेव्हा कॅसेटच्या दुकानात कामाला होतो. आपल्याकडे सुटं गाणं विकत मिळायचं नाही, घ्यायची तर अख्खी कॅसेट. कॉलेजची मुलं कोरी कॅसेट आणून भरून मागायची. एक मुलगा साठ मिनिटांची कॅसेट घेऊन आला आणि म्हणाला, "काका, दोन्ही बाजूंना हेच भरा." मी विचारलं, "किती वेळा?" तो म्हणाला, "मावेल तितक्या वेळा." साडेतीन मिनिटांचं गाणं, एका बाजूला आठ वेळा बसलं. भरताना मीही सोळा वेळा ऐकलं आणि सोळाव्यांदाही कंटाळलो नाही. कुणासाठी नेतोय ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अमेरिकेतही तेव्हा ते दुकानात सुटं विकायला आलं नव्हतं, म्हणून तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते सहाव्या क्रमांकापर्यंतच गेलं. ब्रिटनमध्ये मात्र थेट पहिलं.

डोंबिवलीहून

गॅदरिंगला आम्ही पाच जण, पाचही पांढऱ्या कपड्यांत, व्हिडिओतल्यासारखे. एकाने शाळेचाच शर्ट घातला होता, खिशावरचा बिल्ला आईने उसवून दिलेला. मी केविन झालो, त्यांच्यातला खर्जाच्या आवाजाचा, कारण माझा आवाज फुटला होता. आजही पाचही जण एकमेकांच्या घरच्या कार्यात असतो.

नाशिकहून

माझ्या धाकट्या बहिणीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. ऑपरेशन २००० साली ठरलं, ती बारा वर्षांची होती. आदल्या रात्री ती झोपेना. मी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं, ते तिला सांगितलं. गाण्याची पहिली ओळ जो गातो ना, तो ब्रायन, त्याच्याही हृदयाला जन्मतः छिद्र होतं. मे १९९८मध्ये त्याची छाती उघडून शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या वर्षी हे गाणं आलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे नंतर एवढा श्वास पुरतो?"

पुरतो. ती आता दोन मुलांची आई आहे आणि दर रविवारी गंगापूर धरणापर्यंत सायकलने जाते. आमच्या घरात ते गाणं लागलं की पहिली ओळ तीच म्हणते, बाकी सगळ्यांनी थांबायचं.

मिरजेहून

मी पेटी वाजवतो. हे गाणं पांढरी सहा या पट्टीत सुरू होतं आणि शेवटच्या धृपदाला अख्खंच्या अख्खं एक पूर्ण स्वर चढून पांढरी सातात जातं. आमच्या शास्त्रीय संगीतात एकदा षड्ज, म्हणजे सा, धरला की गाणं संपेपर्यंत तो हलत नाही, तानपुरा तसाच बोलत राहतो. त्यामुळे सा-च उचलून वर ठेवलेला पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. चाल तीच, बोलही तेच, फक्त पायाखालची जमीन वर येते. पाश्चात्त्य गाण्यांत ही युक्ती जुनी आहे हे नंतर कळलं, पण इथे तिच्या आधी गाणं जे जरा खाली बसतं, केविनच्या खर्जातल्या ओळीशी, त्यामुळे ती इतकी लागते. गुरुजींना हेडफोन लावून ऐकवलं होतं. डोळे मिटून ऐकत होते. त्या जागेवर त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मागे ने. पुन्हा."

मडगावहून

आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये चार आवाजांत गायची सवय, त्यामुळे धृपदातले वरचे-खालचे आवाज आम्ही पहिल्याच दिवशी वाटून घेतले. वादनाशिवाय म्हणून बघा, अजूनही उभं राहतं.

रत्नागिरीहून

मला व्हिडिओबद्दल लिहायचंय. तो लॉस एंजेलिसच्या विमानतळावर चित्रित केलेला आहे, दिग्दर्शक वेन आयशॅमने. सगळे त्यातले कपडे, केस आठवतात. मला विमान आठवतं.

बाबा मस्कतला नोकरीला होते. वर्षातून महिनाभर यायचे. परत निघाले की आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचो, सहारच्या विमानतळावर. निरोप कठड्यापाशी. आत त्यांची ट्रॉली दिसायची, मग पाठ, मग तीही नाही. आई तिथून लगेच हलत नसे. व्हिडिओत शेवटी चाहत्यांचा घोळका त्या पाच जणांना अगदी विमानाशी भेटतो. मला ते चाहते वाटायचेच नाहीत. विमानापर्यंत जाऊ दिलेली माणसं वाटायची. केबलवर तो लागला की मी तेवढ्यासाठी शेवटपर्यंत थांबायचे. त्या मोठ्या, उजेडाने भरलेल्या विमानतळावर कुणीच कठड्यामागे उभं नाही, हे मी दर वेळी तपासायचे.

बाबा २००६ला कायमचे आले. गाण्याचं त्यांना कधी सांगितलं नाही. हे लिहून झालं की सांगणार आहे.

ठाण्याहून

४ मे २०२३ला मुंबईत बीकेसीत बॅकस्ट्रीट बॉईजचा कार्यक्रम झाला, मी लेकीला घेऊन गेले होते. पाचही जण आता मुलाबाळांचे बाप, केविन तर पन्नाशी ओलांडलेला. हे गाणं सुरू झालं आणि त्यांना गावंच लागलं नाही, मैदानच गायला लागलं. माझ्या शेजारच्या बाई रडत होत्या. मीही. लेक माझ्याकडे बघत राहिली.

ती बीटीएस या कोरियन बँडची चाहती. घरी आल्यावर तिने स्वतःहून कपाटातून एक वही काढून दाखवली. पानंच्या पानं कोरियन गाणी, देवनागरीत. ऐकून ऐकून लिहिलेली, जिथे ऐकू आलं नाही तिथे रेघ. म्हणाली, "आई, अर्थ नाही माहीत मला. पण हे असंच म्हणतात ते."